उंदीर कोणाच्या हद्दीत तुटला

आमच्या घरचा गणपती पेणजवळच्या जोह्याहून येतो, आणि तो आणायला माझी आत्या स्वतः जाते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. जन्मभर अष्टमीत, म्हणजे रोह्याच्या नदीपलीकडच्या आमच्या गावात, अंगणवाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर आमच्याकडेच राहायला आली. आज मिशा राखून फिरणाऱ्या निम्म्या अष्टमीचं नाक तिने कधी ना कधी पुसलेलं आहे. त्यामुळे सगळे तिला बाई म्हणतात आणि ती दिसली की उगाचच शर्टाची बटणं लावतात.

त्या वर्षी चाकरमान्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत गणपती आणून ठेवायचा, असं तिने ठरवलं. गाडी शेजारच्या चाचांची. चाचांनी बरीच वर्षं आखातात ट्रेलर चालवला, आणि परत आल्यावर स्वतःची व्हॅन घेतली. तिला ते रोज सकाळी अंघोळ घालतात. नागोठण्यावरून खिंडीतला रस्ता जवळचा, पण खिंडीत वळणं फार. "बाप्पाला मळमळेल," असं आत्या म्हणाली आणि आम्ही हायवेने, कोलाडवरून फिरून आलो. आत्याच्या मांडीवर पाट, पाटावर बाप्पा, बाप्पावर पायापर्यंत मोठा रुमाल. मागच्या सीटवरून मी दोन्ही हातांनी पाट धरलेला. पेण गेलं, वडखळ गेलं, खांब आलं. आम्ही कितीदा आदळलो ते सांगण्यात अर्थ नाही. मी कंपनीत लागलो तेव्हा त्या हायवेचं चौपदरीकरण चालू होतं. आता माझ्या मुलीने नोकरीसाठी अर्ज केलेत, आणि ते अजून चालू आहे.

घरी आल्यावर बायकोने तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं आणि आत्याने रुमाल काढला. बाप्पा हसत होता. त्याच्या पायाशी बसलेल्या उंदराला मात्र डोकं नव्हतं. शोधाशोध केल्यावर ते बाप्पाच्या मांडीच्या खाचेत सापडलं.

"गोंदाने चिकटेल," बायको म्हणाली.

"चिकटेल गो," आत्या म्हणाली. "पण तुटलं कोणामुळे?"

चाचा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पडला. "बाई, माझ्याकडे बघू नका. मी वाळवंटातून काचेचे दरवाजे नेलेत. एक तडा गेला नाय कधी."

"तुम्हाला कोण बोलतंय? गाडी चांगली हाय, तुम्ही चांगले हायत. राहिला रस्ता." आत्याने उंदराचं डोकं एका छोट्या डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. "आणि रस्ता कोणाचा तरी असतो."

दुसऱ्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी मला तिच्याबरोबर जावं लागलं. आधी हायवेचं काम बघणाऱ्या ऑफिसात गेलो. कुठल्या गावातल्या ते सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं आणि पाणी दिलं. आत्याने टेबलावर डबी उघडून ठेवली. कारकुनाने आपल्याच कामात असताना हात पुढे केला आणि सुपारी समजून डोकं उचललं. तोंडापर्यंत नेल्यावर त्याला मिशा दिसल्या.

"हे काय आहे?"

"उंदीर. तुमच्या रस्त्यावर तुटला."

"आमच्याच रस्त्यावर कशावरून?"

रुमाल तर आम्ही घरी आल्यावर काढला होता. कारकून समजूतदारपणे म्हणाला, "बाई, नक्की जागा सांगा, आम्ही लगेच लक्ष घालतो. पण तुमच्या वाटेवर आमचा रस्ता कोलाडपर्यंतच. पुढे तो राज्याचा."

राज्याचा रस्ता बघणाऱ्या ऑफिसात साहेब स्वतः भेटले. त्यांनी डोकं नीट निरखलं. "कोलाडला आमच्या हद्दीत आला तेव्हा उंदीर धड होता, याला साक्षीदार आहे का कोणी?"

"बाप्पा हाय," आत्या म्हणाली.

साहेब जरा गडबडले. मग म्हणाले, गावातला रस्ता पालिकेचा, तिथेही विचारा. पालिकेत एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत शांतपणे सांगितलं, "आमच्या हद्दीत तुटणं शक्य नाही. गावात ट्रॅफिक एवढं असतं की गाडी हलतच नाही. आदळणार कशी?"

परत येताना मी म्हटलं, "आत्या, जोह्याहून दुसरा उंदीर आणू आणि मोकळे होऊ."

"उंदीर आणू रे. तो मिळेल. पण तीन ऑफिसं फिरले आणि रस्ता कोणाचाच नाय? मग आपण येतो-जातो कशावरून?"

तो प्रश्न तसा बरोबर होता. पण मला शिफ्टला जायचं होतं.

त्याच आठवड्यात पेणला एक सभा होती. वरून कोणी मोठे अधिकारी येणार होते आणि वाहतुकीचं राष्ट्रीय धोरण काय, छोट्या शहरांत ते कसं राबवायचं, हे नागरिकांना समजावून सांगणार होते. नागरिकांच्या सूचनांचं स्वागत आहे असं फलकावर लिहिलेलं होतं. एवढं आत्याला पुरे होतं. ती, चाचा आणि मी दुसऱ्या रांगेत जाऊन बसलो. पहिली रांग हारांसाठी राखीव होती.

अधिकारी चांगले बोलत होते, असं मला वाटलं. पडद्यावर रुंद रस्ते होते, झाडं होती, सायकलवरून हसत जाणारी माणसं होती. "आपलं धोरण शेवटच्या माणसापर्यंत पोहोचणार आहे," असं म्हणून ते थांबले आणि कोणाला काही विचारायचं आहे का, असं म्हणाले. अशा ठिकाणी कोणी काही विचारत नाही. ते पाण्याचा पेला उचलणार तेवढ्यात आत्या उभी राहिली.

"शेवटच्या माणसाचं नंतर बघू. माझा उंदीर कोणाच्या हद्दीत तुटला, एवढं सांगा."

अधिकाऱ्यांनी शेजारच्या साहेबांकडे मान वळवली आणि हळूच विचारलं. माइक चालूच होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "उंदीर ही कुठली योजना?"

हॉल हसला. पण मग वेगळंच झालं. मागून एका गृहस्थांनी उठून सांगितलं, की वडखळच्या पुढे त्यांची वरची कवळी बसमध्ये खाली पडली आणि पुढच्या खड्ड्यात सरकत ड्रायव्हरपाशी गेली. एका बाईंची अंडी फुटली होती. एका फोटोग्राफरने सांगितलं, की लग्नाच्या वरातीचं त्याचं सगळं शूटिंग असं हललंय की नवरा कोण ते कळत नाही. जो तो आपापलं तुटलेलं सांगू लागला. प्रत्येकाला विचारलं जायचं, नक्की कुठे? आणि प्रत्येकजण म्हणायचा, ते कसं सांगणार.

अधिकाऱ्यांची पुढची सभा दुसरीकडे होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि माइक जवळ ओढला. "संबंधित तिन्ही कार्यालयांनी तक्रारदारांसोबत संयुक्त पाहणी करावी." टाळ्या पडल्या. तिन्ही कार्यालयांची माणसं हॉलमध्येच होती, आणि ती टाळ्या वाजवत नव्हती.

संयुक्त पाहणी म्हणजे काय, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. आत्याने ते ठरवून टाकलं. त्याच गाडीतून, त्याच वाटेने, एक नवा उंदीर न्यायचा. जिथे तुटेल तिथली हद्द ज्याची, तो जबाबदार. आश्चर्य म्हणजे तिघेही कबूल झाले. मला वाटतं, प्रत्येकाला तो दुसऱ्याच्या हद्दीत तुटेल अशी खात्री होती.

ठरलेल्या सकाळी आम्ही सगळे जोह्याला जमलो. हायवेवाले साहेब अंगाने भरलेले, बगलेत फाईल. राज्याच्या रस्त्याच्या ऑफिसातून एक तरुण इंजिनीअर मुलगी आली होती, नोकरीला नुकतीच लागलेली. पालिकेचे ते वयस्कर गृहस्थ डोक्यावर टोपी घालून आले होते. चाचांनी ईदला घालतात तो पांढरा शर्ट घातला होता. कारखान्यात उंदरांच्या रांगा वाळत ठेवलेल्या होत्या. रंगकाम करणाऱ्या बाईने आत्याला विचारलं, "बाप्पा नाय आणि नुसता उंदीर कशाला गो?"

"सरकारी काम हाय."

"मग दोन घेऊन जा."

आत्याने एकच घेतला.

जोह्यापासून हायवेपर्यंतचा रस्ता कोणाचा यावर तिघांचं लगेच एकमत झालं. तो चौथ्याच ऑफिसचा, आणि त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. म्हणून तेवढा वेळ उंदीर आत्याने धरला. हायवेला लागताना गाडी थांबली. उंदीर साहेबांच्या ताब्यात देण्यात आला. इंजिनीअर मुलीने तपासून मोठ्याने सांगितलं, "कान दोन, शेपूट एक, डोकं जागेवर." पालिकेच्या काकांनी मान डोलावली.

"चाचा, हळू घ्या," साहेब म्हणाले.

चाचांनी हळू घेतली. इतकी हळू की मागून ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. पालिकेचे काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "रोज असंच चालवता?"

"नाय."

"मग रोजच्यासारखं चालवा की. पाहणी आहे ही."

चाचांनी रोजच्यासारखं चालवलं. तेव्हा साहेबांनी एक युक्ती काढली. खड्डा दिसला की ते सीटवरून अर्धे उठायचे आणि उंदीर दोन्ही हातांत वर, हवेत धरायचे. गाडी खाली जायची, साहेब वर राहायचे. सुरुवातीला ते प्रत्येक खड्ड्याला उठत होते. पुढे पुढे खाली बसायला सवडच मिळेना, म्हणून ते तसेच वाकून उभे राहिले. नागोठण्यापर्यंत त्यांची पाठ धरली. त्यांना सगळे खड्डे पाठ होते, हे माझ्या लक्षात आलं. "आता डावीकडे एक येईल," असं ते आधीच सांगायचे आणि तो यायचा.

खांबला चाचांच्या मेव्हण्याचं चहाचं दुकान आहे. तिथे थांबलो. साहेबांना वडापाव खायचा होता, पण उंदीर धरायला कोणी तयार होईना. "माझी हद्द अजून आली नाही सर," इंजिनीअर मुलगी म्हणाली. शेवटी त्यांनी उंदीर बिस्किटांच्या बरणीवर ठेवला आणि त्याच्यावरची नजर न काढता वडापाव खाल्ला. एका गिऱ्हाईकाने त्याची किंमत विचारली. चाचांचे मेव्हणे म्हणाले, "तो विकायचा नाय. ड्युटीवर हाय."

खरी अडचण कोलाडला आली. हायवे सोडून रोह्याचा रस्ता नक्की कुठे सुरू होतो? साहेब म्हणाले, या टपरीपासून. मुलगी म्हणाली, पुढच्या पाटीपासून. टपरी आणि पाटी यांच्यामध्ये जो रस्ता होता त्याला रस्ता म्हणायचं धाडस कोणी केलं नसतं. दोघांनी आपापल्या ऑफिसला फोन लावले. दोन्हीकडून सांगण्यात आलं, की पलीकडच्यांना विचारा. उंदीर तोपर्यंत चाचांच्या गाडीच्या बोनेटवर बसून होता. फोनवर फोन झाले. बघ्यांची गर्दी झाली. एकाने मला विचारलं, "मिरवणूक कधी निघणार?"

चाचा शेवटी कंटाळले. "बाई, तुम्हीच न्या पायी. पायी गेला तर कोणाच्याच नावावर नाय पडणार."

मग तेवढा तुकडा आत्याने उंदराला चालत नेलं. ती पुढे, मागे तिन्ही कार्यालयं, त्यामागे मी छत्री धरून, आणि सगळ्यात शेवटी चाचांची रिकामी गाडी. एक एसटी थांबली. खिडकीतल्या दोन बायकांनी काय आहे ते न कळता हात जोडले. आत्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. चिखलातून पाय उचलताना ती मला एवढंच म्हणाली, "बघ, हा तुकडा कोणाचाच नाय. म्हणून असा हाय."

पाटीपासून पुढे मुलीने उंदीर ओढणीत गुंडाळून छातीशी धरला आणि रोह्यापर्यंत सोडला नाही. गावात पालिकेच्या काकांनी तो टोपीत घेतला. त्यांचं म्हणणं खरं ठरलं. बाजारात आम्ही इतका वेळ एका जागी उभे होतो की ते टोपीसकट पेंगू लागले. मग कुंडलिकेवरचा पूल आला. सगळ्यांनी श्वास रोखला. पूल गेला. अष्टमी आली, आमची गल्ली आली, घर दिसू लागलं.

काकांनी टोपी उंच करून दाखवली. "सुखरूप आला. लिहून घ्या, तिन्ही हद्दींत उंदीर सुखरूप." साहेब कितीतरी वेळाने नीट टेकून बसले. मुलगी हसली. चाचांनी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या नादात गियर बदलला.

धाडकन गाडी वर गेली आणि खाली आली. टोपी काकांच्या हातातून उडाली. उंदराचं डोकं सीटखालून घरंगळत माझ्या चपलेशी येऊन थांबलं.

मी ते उचललं. मग काका खाली उतरले. गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा एक उंच गतिरोधक होता. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि छातीवर हात ठेवला. "हा आमचा नाही. आमच्या नोंदीत इथे गतिरोधकच नाही."

"आमचाही नाही," साहेब घाईने म्हणाले.

चाचा आरसा पुसू लागले. मी चाचांकडे बघितलं, चाचांनी माझ्याकडे बघितलं. तो गतिरोधक आम्हीच घातला होता. गल्लीत बाईकवाले सुसाट येत होते, म्हणून आमच्या गच्चीचं काम झाल्यावर उरलेला माल ओतून, दोघांनी मिळून. कोणाची परवानगी विचारली नव्हती. आणि तो घालून घेतला होता आत्याने. "आणखी उंच," असं म्हणत ती शेवटपर्यंत शेजारी उभी होती.

आत्या गाडीतून उतरली. तिने डोकं माझ्या हातातून घेतलं, गतिरोधकाकडे पाहिलं.

"माझा हाय," ती म्हणाली.

मी तिला इतक्या बारीक आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हे लोक हसतील. पण कोणी हसलं नाही. पालिकेच्या काकांनी टोपी झटकून डोक्यावर घातली, आणि बायकोने दारातून चहाला हाक मारली.

चहा पिताना साहेबांना हुरूप आला. त्यांनी फाईल उघडली. "म्हणजे निष्कर्ष स्पष्ट आहे. खाजगी व्यक्तीने बांधलेल्या अनधिकृत गतिरोधकामुळे..."

"लिहा," आत्या म्हणाली. आवाज परत आला होता. "खरं हाय ते लिहा. खाली मी सही करते. पण त्याच्या वर हेही लिहा, की खड्डा आला की साहेब उभे राहत होते. कोलाडला उंदीर पायी न्यायला लागला, तेही लिहा. आणि गावात गाडी हलत नव्हती. ज्याची त्याने सही करायची."

"त्याची काय गरज आहे?" साहेब म्हणाले.

"सर, तुम्ही उभे राहत होता," मुलगी म्हणाली आणि लगेच खाली बघून लिहू लागली. तिने सगळं लिहिलं. कवळीवाले गृहस्थ आणि अंडीही घातली, सभेत आली होती म्हणून. आत्याने पहिली सही केली. मग काकांनी केली. माझ्या निवृत्तीला थोडंच राहिलंय, असं ते पुटपुटले. साहेबांनी दोनदा वाचलं, घाम पुसला, आणि त्यांनीही केली.

दुसऱ्या दिवशी आत्याने पहार काढली. गतिरोधक फोडायला चाचा, मी आणि ती. तो फुटेना. चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, हा स्पीडब्रेकर नाय, धरण हाय. हायवेला असा माल घातला असता तर नातवंडांनी पण वापरला असता." दुपारपर्यंत आम्ही तो खणून काढला. गल्लीतले लोक जमले आणि म्हणाले, आता बाईकवाले परत सुसाट येतील. ते खरंच आले. मग आत्या रोज संध्याकाळी छत्री घेऊन तिथे उभी राहू लागली, आणि पालिकेच्या काकांकडे रीतसर, नियमात बसणारा गतिरोधक मागून आली. तो मिळाला. ठेंगणा आहे, पण रंगवलेला आहे.

बाप्पासाठी उंदीर अजून आणायचाच होता. या वेळी चाचा एकटेच गेले, आणि गाडी घरी ठेवून. पेणहून येताना रेल्वेत बसले, उंदीर शर्टाच्या खिशात घालून. तो दोन्ही कानांसकट आला. "आत्या, आता रेल्वेबद्दल तुझं काही म्हणणं?" मी विचारलं. ती म्हणाली, जे चांगलं चाललंय त्याचंही नाव घ्यायला हवं, आणि पेणच्या सभेतल्या त्या अधिकाऱ्यांना सांगायला पाहिजे.

चतुर्थीच्या आधी कोलाडच्या त्या तुकड्यावर खडी पडली. कोणी टाकली ते कळलं नाही, दोन्ही ऑफिसं आपणच टाकली असं सांगतात. हायवेचं काम चालूच आहे. इंजिनीअर मुलगी दर्शनाला आली, पेढे घेऊन. वरच्या साहेबांनी तिला बोलावून विचारलं होतं, की सरकारी कागदावर कवळी कशी आली. "मी म्हटलं, सर, रस्त्यावरून आली," असं तिने सांगितलं, आणि आत्याने तिला आणखी एक मोदक वाढला.

दिवाळीनंतर पेणला पुन्हा सभा झाली. आत्याला बोलावणं नव्हतं. चाचांनी गाडी काढली आणि आम्ही गेलो. या वेळी अधिकारी दुसरे होते. त्यांनी भाषण संपवून प्रश्न विचारा म्हटल्यावर व्यासपीठावरचे सगळे साहेब आपापल्या मोबाईलमध्ये बघू लागले. आत्या उभी राहिली, पदर नीट केला, आणि आधी रेल्वेबद्दल चार चांगले शब्द बोलली. अधिकारी खूश होऊन मान डोलावत होते. मग तिने पर्स उघडली आणि ती डबी बाहेर काढली.